गोड वाळू

पृष्ठभाग

बोट लावलं आणि भिंत हातात आली.

अख्खी नाही. तळहाताएवढा पापुद्रा. त्याच्या मागे पांढरी लव उगवलेली, कापूस पिंजून चिकटवल्यासारखी. फुंकर मारली तर उडाली. तिच्यामागून चुना भुरभुरत खाली आला. थांबेचना.

हा गिलावा मी घोटला होता. आठ महिन्यांपूर्वी. याच हातांनी.

लोणा म्हणतात याला. जुन्या घरात राहिलेल्या कुणालाही माहीत असतो. मीठ ओलीत विरघळून भिंतीच्या आत हिंडतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे होतात. खड्यांना जागा लागते. ती ते चुन्याला आतून ढकलून मिळवतात. चुना मऊ असतो, तो जागा देतो. देतो म्हणजे फुटतो.

पण लोणा दोनशे वर्षांच्या भिंतीला लागतो. आठ महिन्यांच्या गिलाव्याला?

"काय गं, थांबलीस का?" खालून सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, वर या जरा."

"गुडघे माझे आहेत, कचेरीचे नाहीत. खाली आण काय ते."

मी परांचीवरून उतरले. पापुद्रा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, पांढऱ्या लवेवरून अंगठा फिरवला आणि श्वासही न घेता म्हणाले,

"मावशीनं कालवताना विहिरीचं पाणी घातलं."

मावशी दहा पावलांवर घमेलं धूत होती. तिनं नळ बंद केला. सगळ्यांनी ऐकलं होतं. तीसएक वर्षं ती सासऱ्यांसाठी चुना आणि वाळू कालवत होती. ते बघायचे, ती कालवायची, ते लावायचे. हात पुसून तिनं डबा उचलला. सासऱ्यांकडे एकदा बघितलं. भांडायला तोंड उघडेल असं मला वाटलं.

फाटक उघडलं. फाटक लागलं.

मला भिंतीचा धक्का बसला होता, तो यापुढे काहीच नव्हता. किती पटकन म्हणाले ते. विचार करायला माणसाला निदान एक क्षण लागतो.

० ते ५ मिलिमीटर

आधी माणसं सांगायला हवीत.

इमारत म्हणजे शहराचं जुनं पंपघर. पंप कधीच गेले, आता आत नकाशे ठेवतात. जाड विटांच्या भिंती, बाहेरून चुन्याचा गिलावा. अंगणात एक खारट पाण्याची विहीर, आणि कामासाठी कचेरीनं बसवलेली गोड्या पाण्याची टाकी. अशा जुन्या इमारतींवर काम करायला कचेरीच्या यादीत नाव लागतं. आमची तिघांची आहेत: सासऱ्यांचं, मावशीचं आणि दोन वर्षांपासून माझं.

सासऱ्यांना कामावर सगळे 'चाखे' म्हणतात. पोस्टमनला ते आडनावच वाटतं. वाळूची गाडी आली की ते ढिगातून चिमूट उचलतात, जिभेच्या टोकावर ठेवतात, मग मागे नेतात, थुंकतात आणि निकाल देतात. "गोड." म्हणजे मीठ नाही. पाणी गोडं असतं तशी वाळू गोड. किंवा "खारी." खाऱ्या वाळूला तीन पाणी द्यायची, म्हणजे तीनदा धुवायची. त्यांनी चाखल्याशिवाय वाळूचा एक कण चुन्यात जात नाही. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही, हे ते स्वतः सांगतात आणि सगळे मानतात.

मला चाखू देत नाहीत. "तुझी जीभ मिरच्यांनी भाजलीय. तिला मीठ काय कळणार?"

घरीही हेच होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून नऊ वर्षं रोज पहिला घास आणि निकाल. मीठ कमी. मीठ जास्त. मीठ आहे पण मागाहून घातलंय. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. त्याच्यासमोर रडायचं तरी कधी? सासूबाई म्हणायच्या, "मनावर घेऊ नकोस, मी पस्तीस वर्षं घेतलेलं नाही."

आणि मग दोन वर्षांपूर्वी थांबलं.

एकाएकी. मोठा ताप आला होता त्यांना, महिनाभर अंथरुणावर होते. उठले ते निराळेच. पहिला घास आणि "छान झालंय." दुसऱ्या दिवशीही. रोज. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, "बाबा सुधारले."

"नीट बघ," तो म्हणाला, "बदलून दुसरं कुणी पाठवलं नाही ना दवाखान्यानं?"

त्याच महिन्यात ते मला म्हणाले, "हात बरा आहे तुझा. परांचीवर ये." मी गेले. जेवण आणि गिलाव्याची करणी, दोन्हीकडे एकदमच पास झाले असं मी धरून चालले. मी जिंकले होते.

५ ते १५

कचेरीच्या तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी आल्या. लहानशी पेटी, त्यात हातात मावेल एवढं ड्रिल, कागदाच्या पुड्या, बाटल्या. आमच्या कामाच्या चार खेपा होत्या, म्हणजे वाळूच्या चार गाड्या, आणि प्रत्येकीची भिंतीवरची जागा वहीत लिहिलेली होती. बाईंनी चारही जागी भोकं पाडली. पाच मिलिमीटरपर्यंतची पूड एका पुडीत, त्याच्या आतली दुसऱ्या, त्याच्या आतली तिसऱ्या, मागच्या विटेची चौथ्या.

"मीठ असेल तर दुधाळ होईल," बाई म्हणाल्या. शुद्ध पाण्यात पूड ढवळली, गाळली, त्यात बाटलीतला एक थेंब.

पहिली खेप. स्वच्छ.

दुसरी. स्वच्छ.

तिसरी. स्वच्छ.

चौथी.

दूध.

वरच्या थराचं दूध. मधल्या थराचं दूध. आतल्या थराचं दूध. शेवटी वीट, आणि विटेचं पाणी काचेसारखं.

"वीट कोरी आहे," बाई म्हणाल्या. "मीठ भिंतीतून आलं असतं तर विटेत आधी सापडलं असतं. हे भिंतीचं नाही. हे तुम्ही लावलंत."

त्यांनी वही मागितली. सासऱ्यांच्या अक्षरातलं पान असं होतं:

*चौथी खेप. नदीला पाणी जास्त, म्हणून वाळू खाडीकडच्या अंगाची.*
*चाखली. गोड.*
*कालवणारी: मावशी.*

"वाळू गोड होती," सासरे म्हणाले. "राहिलं पाणी. पाणी घालणं कालवणाऱ्याकडे असतं. विहीर चार पावलांवर, टाकी लांब. कंटाळा केला असेल."

बाईंनी मान हलवली. पटण्यासारखंच होतं. त्यांनी एक फॉर्म काढला. त्यात *दोषाचं कारण* आणि खाली *जबाबदार कारागीर*. नाव लिहिलं की यादीतून जातं. मावशीनं दुसरं कुठलंच काम आयुष्यात केलेलं नाही.

"सोमवारी सही घेते," बाई म्हणाल्या. "तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा."

मला सांगायचं होतं. पण सांगितलं तर वहीतली खोटी हजेरी आधी बाहेर येणार होती.

कारण चौथी खेप मावशीनं कालवलीच नव्हती. त्या दिवशी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. यादीतला जुना कालवणारा हजर नसेल तर कचेरी काम बंद पाडते आणि बदली माणूस पाठवते. म्हणून सासऱ्यांनी वहीत तिला हजर दाखवलं. तिची जागा जाऊ नये म्हणून. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं त्यांचं.

कालवली मी.

टाकीच्या पाण्यानं. पंधरा बादल्या. विहिरीचा रहाट तेव्हा मोडून पडलेला होता, मनात आणलं असतं तरी थेंब निघाला नसता.

(बाईंच्या नोंदीत होतं: इथे पूड कमी आली. पुन्हा भोक पाडलं.)

घरी जाताना.

"बाबा, त्या दिवशी मावशी नव्हती."

"वहीत आहे."

"वही तुम्ही लिहिलीत. कालवलं मी."

"मोठ्यानं बोलू नकोस." ते चालायचे थांबले. आजूबाजूला बघितलं, मग आवाज खाली आणला. "मला माहीत नाही होय? म्हणून तर तिचं नाव घेतलं. तुझं नाव यादीत आत्ता चढलंय. तिची किती वर्षं राहिलीत? पहिल्यांदा कालवत होतीस, होतं असं. विहीर जवळ पडली तुला."

मी रस्त्याच्या मधोमध. एक सायकलवाला शिव्या देत बाजूनं गेला.

ते मला वाचवत होते. माझ्या न केलेल्या चुकीतून. तिचा बळी देऊन.

"मी टाकीचंच पाणी घातलं, बाबा. रहाट मोडलेला होता."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे मग वाळू—"

"वाळू मी चाखली होती," ते म्हणाले आणि चालायला लागले.

बोलणं संपलं. मी मागून चालत होते आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, कामाशी काही संबंध नसलेलं. *छान झालंय. छान झालंय. छान झालंय.*

नाही.

असं नसणार.

१५ ते २५

रविवारी दुपारी मी भाजीत मूठभर मीठ घातलं. चिमूट नव्हे. मूठ. थोडं ओट्यावर सांडलं, तेही गोळा करून घातलं.

तिघंच होतो. मी वाढलं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला.

"छान झालंय."

सासूबाईंनी घेतला. त्या उठल्या त्या थेट मोरीकडे. चूळ भरली, पुन्हा भरली. "अगं बाई! भाजी आहे की मिठाचं पोतं? झालंय काय तुला?"

मी सासऱ्यांकडे बघत होते. सासूबाई पदरानं तोंड पुसत वळल्या आणि त्याही बघायला लागल्या. ते जेवत होते. सावकाश, नीट, नेहमीसारखे. मग आमचं बघणं त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे. तिच्याकडे. ताटाकडे.

आणि आणखी एक घास घेतला. चावला. गिळला.

"छान झालंय म्हटलं ना," ते म्हणाले.

सासूबाई पाटावर बसल्या, अर्ध्या जमिनीवर. "कधीपासून?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

"अहो, मी विचारतेय. कधीपासून?"

"तापानंतर."

"दोन वर्षं?" त्यांचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी बायकांना सांगत सुटलेय की आमच्या ह्यांचा स्वभाव निवळला!" आणि त्या हसायला लागल्या, भयंकर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

माझं काय झालं ते सांगते. लाज वाटते पण सांगते. मला आधी भिंत आठवली नाही, मावशी आठवली नाही. मला माझी दोन वर्षं आठवली. सातशे जेवणं. सातशे वेळा मला छान म्हटलं गेलं, आणि त्यातल्या एकाचीही चव त्या माणसाला लागलेली नव्हती. मी जिंकले होते ते कुणाशी?

मग भिंत आठवली.

"म्हणजे वाळू तुम्ही न चाखता—"

"चाखायचो. जिभेवर ठेवायचो. कळायचं नाही." ते ताटातल्या भाजीला बोटानं एका बाजूला सारत होते. "पण वाळूला जीभच लागते असं नाही. चाळीस वर्षांचा हात आहे. खारी वाळू बोटाला चिकटते, रंगाला मळकी असते. तीन खेपा बरोबर निघाल्या की नाही? बाईंनी तुझ्यासमोर थेंब टाकला. चौथीला नजर चुकली."

"मग हे सांगा ना उद्या. मावशीचं नाव जाईल."

"हे सांगितलं तर माझं जाईल," ते म्हणाले. "मग काय उरलं माझ्यात?"

वीट

त्याच संध्याकाळी मी मावशीकडे गेले. खोलीत एक खाट, एक खिडकी, एक खुर्ची. खुर्ची तिनं मला दिली आणि स्वतः खाटेवर बसली. ऑपरेशन झालेला डोळा उजेडाकडे अजून किंचित मिटलेला.

"टाकीचं पाणी घातलं होतंस ना?" मी बसायच्या आधीच तिनं विचारलं.

"हो."

"मला वाटलंच. विहिरीचा रहाट मीच सांगत होते चार दिवस, दुरुस्त करा म्हणून."

"मावशी, बाबांना चव कळत नाही."

तिला धक्का बसेल म्हणून मी खुर्चीची कड धरून बसले होते. ती शांतपणे पदर नीट करत होती.

"तापानंतर पहिल्या दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "चहात साखर घालायची राहिली होती. वाहवा करत प्यायला तो. आता चहा गोड की अगोड हे न कळणारा माणूस वाळूची गोडी सांगणार?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या तीन खेपा मी चाखल्या, त्याच्या पाठीमागे. पहिली गोड. तिसरी गोड. दुसरी खारी, चांगली कडक. तो म्हणाला गोड. मी म्हटलं बरं. तो जेवायला गेला, मी तीन पाणी दिली."

मला बाबांचं दुपारचं वाक्य आठवलं. तीन खेपा बरोबर निघाल्या की नाही?

"का नाही सांगितलंत?"

"कुणाला? त्याला? तोंडावर, की बाबा रे, तुझी जीभ गेली? तू सांगून बघ."

"मला सांगायचं."

"सांगितलं होतं." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. उद्या गाडी आली की एकदा जिभेला लावून बघ म्हटलं. आठवतंय काय म्हणालीस?"

आठवलं. हसले होते मी. म्हणाले होते, अहो मावशी, माझी जीभ भाजलेली आहे, विचारा बाबांना.

त्यांची थट्टा मी खरी धरली होती. ढीग समोर होता. माझे हात वाळूत कोपरापर्यंत होते. चिमूटभर उचलायला काय लागलं असतं?

"माझं नाव काढता आलं तर काढ," ती म्हणाली. "माझ्यासमोर, चारचौघांत बोलला तो. ते पुसता येणार नाही, पण कागदावरचं पुसेल. एकच कर. जीभ गेली हे तो बोलला तर बोलू दे. तीन खेपांचं सांगू नकोस. आपला हात-डोळ्याचा अंदाज शाबूत आहे एवढ्यावर तो उभा आहे."

मी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं.

सोमवार

अंगणात नवीन वाळूचा ढीग आलेला. चौथ्या खेपेचा पट्टा खरवडून पुन्हा करायचा होता, त्यासाठी. तपासनीस बाई फॉर्म घेऊन उभ्या.

"चौथी खेप मी कालवली," मी म्हणाले. "मावशी त्या दिवशी दवाखान्यात होत्या. कागद मिळतील. पाणी टाकीचं होतं."

बाईंनी वही बघितली, मला बघितलं, मग सासऱ्यांना. "मग मीठ वाळूतलं. पण वाळू तर तुम्ही चाखलीत."

मला वाटलं ते माझ्यावर ढकलतील. एक क्षण मी त्याची तयारीही केली.

"मला चव लागत नाही," सासरे म्हणाले. आपलं वय सांगावं तसं. "दोन वर्षं झाली."

बाईंचं पेन कागदावर टेकलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. "दोन वर्षं? म्हणजे या सगळ्या..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "जीभ गेली, बाकी सगळं जागेवर आहे. पहिल्या तीन खेपा तुम्हीच तपासल्यात. आहे मीठ? त्या मी हातानं ओळखल्या." ते ढिगापाशी गेले, मूठ उचलली, बोटांत चोळली, उन्हाकडे धरली. चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "ही पण सांगतो. गोड आहे. करा सुरू."

बाई त्या तीन स्वच्छ निकालांचा कागद काढून बघत होत्या. "अनुभव आहे खरा," त्या स्वतःशी म्हणाल्या. आणि लिहायला लागल्या.

मी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

आयुष्यात पहिल्यांदा. आधी नुसती कचकच. मग जिभेच्या मागे, दोन्ही कडांना, सावकाश. मला चुकायची इच्छा होती. खरंच होती. मी दुसरी चिमूट घेतली.

"खारी आहे."

"तुझी जीभ—" ते हसून म्हणायला लागले.

"खारी आहे, बाबा. आणि त्या तीन खेपा मावशीनं चाखल्या. तुमच्या मागे. दुसरी खारी होती. तुम्ही गोड म्हणालात. तिनं धुतली."

मी शब्द मोडला होता. तो मोडला नसता तर ही वाळू उद्या भिंतीवर गेली असती.

ते हसत होते तसेच राहिले. हसू काढायचं राहून गेलं चेहऱ्यावरून. मुठीतली वाळू बोटांच्या फटींतून खाली जात होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"किती पाण्यांनी?" त्यांनी विचारलं.

"तीन."

त्यांनी मान हलवली. कामगारानं काम नीट केलं की हलवायचे तशी. मग बाईंकडे वळले. आवाज त्यांचा नव्हता.

"वही द्या इकडे. चाखणाऱ्याच्या जागी तिचं नाव लिहायचंय. तिन्ही खेपांना."

"आणि चौथीला?" बाईंनी विचारलं.

ते वहीचं पान शोधत होते. सापडत नव्हतं.

"चौथी," ते म्हणाले, "कुणीच चाखली नाही."